फोटोखालची नावं

मलेशियाच्या डोंगरातली सोन्याची खाण बंद झाली, त्याच संध्याकाळी तमिळ मजुरांना कॅम्पमधून हाकललं. त्यांतले एक अंकल सिंगापूरच्या क्वीन्सटाउनला माझ्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. मला ‘तंबी’, म्हणजे धाकटा भाऊ, म्हणतात. लिफ्टमध्ये शिरले की अजून छत्रीने छत ठोकून बघतात.

“दगड सैल असला की आवाज पोकळ येतो, तंबी!”

परवा लायब्ररीतल्या पुस्तकात मला त्या कॅम्पचा फोटो सापडला, तो अंकलना दाखवला. खाली नाव एकट्या गोऱ्या मॅनेजरचं. बाकी सगळे नुसते ‘कुली’. अंकलनी पेन्सिल काढून एकेका चेहऱ्याखाली नाव लिहिलं. शेवटच्यापाशी अडले.

“यानेच मला पोहायला शिकवलं. नाव आठवत नाही, लाह,” ते इथल्या बोलीत म्हणाले.

“कुणाला तरी विचारा ना.”

“कुणाला?”

तुमच्या घरी असं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच जुने फोटो घेऊन त्याच्याशेजारी बसा. नावं लिहून घ्या.