दादांची फ्रेममधली ड्युटी

माझ्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाला हार माझ्या काकांच्या फोटोला पडला. काका तेव्हा पहिल्या रांगेत मांडी घालून बसले होते.

असं काही घडवून आणायला अक्कल लागते. आमच्या पूर्णेतल्या घरात ती फक्त माझ्याकडे आहे, अशी माझी तोवर समजूत होती.

आमचे दादा, म्हणजे वडील, रेल्वेत गँगमन. जन्म रुळांवर गेला. घरी आले, जेवले, पिशवी उचलली की निघाले! अशा माणसाचे फोटो असणार किती? धड म्हणावा असा एकच, तोही मी मोबाइलवर काढलेला. खांद्याला डब्याची पिशवी, एक पाय उंबऱ्याबाहेर आणि चेहऱ्यावर 'काढ लवकर, उशीर व्हायलाय' असा भाव. ते गेले तेव्हा माय मला एवढंच म्हणाली, "राहुल, कार्यक्रमाला त्यायचा फोटो मोठा करून लाव. समद्यायनी एकदा डोळे भरून बघावं. जित्तेपणी तर कुणाला घावलेच न्हाईत."

साधं काम होतं. स्टुडिओत जायचं, फोटो मोठा करायचा, काच बसवायची. पण साधं काम मला कधी जमलंय?

"माय, आता डिजिटल फ्रेम असती. लहान टीव्हीवानी. दादा कसे जित्ते दिसतेत बघ!"

"ओ, काचंचीच करा की," माझी बायको सुनीता म्हणाली. "काचंला करंट तर लागत न्हाई."

मी तिच्याकडे बघून नुसता हसलो. (हुशार माणसं हसतात तसा.)

फ्रेम आली. मी अख्खा मोबाइल तिच्यात ओतला. जागा रिकामी होती, वाया कशाला घालवायची? मग दादांच्या फोटोवर आणून ती थांबवून ठेवली. कार्यक्रमाच्या दिवशी मांडवात टेबल, टेबलावर पांढरं कापड, त्यावर फ्रेम, फ्रेमला पांढऱ्या फुलांचा हार, पुढं मेणबत्त्या. दादा झकास दिसत होते. मायनं एकदा बघितलं आणि पदर तोंडाला लावला. वडील गेल्याच्या दुःखात मी स्वतःवरच खूश झालो होतो!

बौद्धाचार्यांनी वंदना सुरू केली. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले. आणि लाइट गेली. दिवसाढवळ्या कुणाच्या लक्षातही आलं नाही. थोड्या वेळानं ती आलीही. पण लाइट गेल्यावर फ्रेम सगळं विसरली होती आणि आता आपल्या मनानं मोबाइलमधले फोटो एकामागून एक दाखवायला लागली होती.

आम्ही डोळे उघडले, तर हारात बोरीचे आनंदाकाका! दादांचे धाकटे भाऊ. मागे त्यांच्या छातीत दुखलं होतं, तेव्हा नातेवाइकांना पाठवायला मी दवाखान्यात काढलेला फोटो होता तो. नाकात नळी, वर सलाईन, तोंड उघडं. म्हणजे हारासाठी अगदी तयारीनं काढल्यासारखा!

नेमकी तेव्हाच जिंतूरची आत्या पोचली. एसटीनं उशीर केलेला, एका डोळ्यात मोतीबिंदू. मांडवात शिरली, टेबलाकडं बघितलं आणि तिनं हंबरडा फोडला, "आनंदाऽऽ! तू बी गेलास का रे! मला कुणी सांगितलं बी न्हाई!"

"अक्का, मी हितं हाय," काका हळूच म्हणाले.

आत्यानं वळून बघितलं आणि दुप्पट मोठ्यानं किंचाळली.

तेवढ्यात फोटो बदलला. हारात म्हैस आली. (कुणाची तरी विकायची होती. मला का पाठवली होती, कोण जाणे.) बौद्धाचार्यांची नजर हातातल्या कागदावर होती. ते गंभीर आवाजात वाचत होते, "दिवंगतांनी आयुष्यभर कुटुंबासाठी कष्ट उपसले..."

"सुनीता, रिमोट कुठाय?"

"तुमीच तर कपाटात ठिवलाय! पोरं हात लावतेल म्हणून!"

मी टेबलामागं धावलो. फ्रेमच्या पाठीला तीन-चार बटणं होती. त्यातलं एक दाबलं. दाबायचं नव्हतं तेच! व्हिडिओ सुरू झाला, आवाजासकट. मेव्हण्याची वरात, बँजोचा दणदणाट आणि मधोमध मी. डोळ्याला गॉगल, दातात रुमाल, गळ्याभोवती वडिलांचा हार! मी घाईनं दुसरं बटण दाबलं, तर आवाज वाढला.

शेवटी आनंदाकाका उठले आणि त्यांनी वायर उपटली.

फ्रेम काळी पडली. पुन्हा लावायची हिंमत कुणालाच नव्हती, मला तर नव्हतीच. लोकांनी त्या काळ्या काचेपुढंच फुलं वाहिली. दादा काही दिसले नाहीत. माय काचेकडं बघत बसून राहिली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना काकांनी मला बाजूला घेतलं. वाटलं, आता कानाखाली बसणार.

"राहुल, त्यो फोटो नको लावू माझ्या टायमाला. नळी दिसायली. आत्ताच एक चांगला काढून ठिव." त्यांनी खिशातून कंगवा काढला, भांग पाडला, ताठ उभे राहिले. "हासू का नको?"

"थोडं हसा, काका."

ते हसले. मी फोटो दोनदा काढला.

दुसऱ्या दिवशी मी फ्रेममधलं सगळं पुसलं. म्हैस गेली, वरात गेली, आम्ही सगळे गेलो. फक्त दादा ठेवले. अखंड. ती फ्रेम मायच्या खाटेसमोर लावली आणि पहिल्यांदाच वाटलं, आपण काहीतरी बरं केलं.

चार-आठ दिवसांनी मायनं तिच्यावर फडकं टाकलेलं दिसलं.

"कामून झाकलं, माय?"

"लय गेल्यावानी वाटायलंय रे. नुसते एकटक बघायलेत. त्या दिवशी वायर काढली न्हाई तवर मी वाट बघायले होते. म्हणलं, म्हैस गेली, आता येतेल. जल्मभर अशीच वाट बघितली. ड्युटीवर गेले की यायचे. ह्या फोटोतून तर ते जाईनात, मग येतेल कुठून?"

मी गुपचूप बसून सगळा मोबाइल पुन्हा फ्रेममध्ये भरला. काका, आत्या, पोरं, म्हैससुद्धा. आता माय संध्याकाळी चहा घेऊन समोर बसते. सगळे येतात, जातात, आणि मधेच कधीतरी खांद्याला पिशवी लावून दादा येतात. ती म्हणते, "आले." ते जातात. ती चहाचा घोट घेते.

परवा मी कौतुकानं विचारलं, "माय, आता कसं वाटायलंय?"

"बरं हाय. तुझे फोटो तेवढे काढून टाक."

"माझे? कामून?"

"तू हाईसच की घरात, दिवसभर. तुझी वाट कोण बघायलंय?"