क्रूस आत, गेट बंद

समजा, नंदाखालच्या अलीकडे, केळीच्या वाड्यांमध्ये असलेल्या एका वीज उपकेंद्रात तुम्ही ड्यूटीवर आहात. एकटेच. समोर पॅनेलवरचे काटे, बाहेर खडीच्या यार्डात घुमणारे दोन ट्रान्सफॉर्मर. इथून निघणाऱ्या तारांवर आठ गावांचे दिवे, पाण्याचे पंप आणि एक प्रसूतिगृह चालतं. टेबलावर नवं परिपत्रक आहे: अतिरेकी हल्ल्याचा धोका, ओळख पटल्याशिवाय कोणालाही आत सोडू नये. एप्रिलचा शेवटचा आठवडा. सकाळी अकराला गेटावर दोन माणसं येतात. हातात पांढऱ्या रंगाचा डबा आणि ब्रश. म्हणतात, "क्रूस रंगवायला आलोय."

काय कराल?

बाहेरगावचे असाल तर विचाराल, उपकेंद्रात क्रूस कसला? इथला माणूस विचारणार नाही. ही जागा म्हणजे शेजारच्या जेम्सकाकांच्या वडिलांची वाडी. गावात वीज यावी म्हणून त्यांनी ती दिली, अट एकच घातली: कोपऱ्यातला क्रूस हलवायचा नाही. तेव्हापासून मे महिनाभर संध्याकाळी गाव यार्डात जमून जपमाळ म्हणतं, आणि त्याआधी कोणीतरी येऊन क्रूस रंगवून जातं. गेटाची दुसरी किल्ली पलीकडे जेम्सकाकांच्या ओटीवर खिळ्याला टांगलेली असते. रंगवणारा कोण, हे आजवर कोणी कोणाला विचारलेलं नाही.

त्या सकाळी ड्यूटीवर प्रिस्का होती. तिनेही विचारलं नाही. तिने गेट उघडलं.

बारा मिनिटांनी कंपनीचा सुरक्षा अधिकारी संकेत आत आला. तिशीही न गाठलेला, कडक इस्त्रीचा. त्याने ट्रान्सफॉर्मरखालून एक खोका काढून तिच्या टेबलावर ठेवला. खोक्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं, 'बॉम्ब'.

"चाचणी होती, मॅडम. रंगारी आमचेच. खरं असतं तर तुम्ही आता नसता."

बावीस वर्षं प्रिस्का यंत्रचालक होती. आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या वर्गातली एकुलती एक मुलगी. नोकरीच्या पहिल्या दिवशी एका वायरमनने विचारलं होतं, "चहा करायला ठेवलीय का तुला?" ती म्हणाली होती, "चहा तुम्ही करा. पॅनेलवरची पाळी माझी आहे." पुराच्या वर्षी बदलीचा माणूस पोचला नाही, तर तिने सलग तीन पाळ्या काढल्या. आणि आता हा खोका.

चार दिवसांनी संकेतने अहवाल आणला. क्रूस कुंपणाबाहेर हलवावा. यंत्रचालक प्रिस्का यांची बदली माणिकपूरच्या कार्यालयात, तक्रार खिडकीवर करावी. खाली सहीची जागा होती. प्रिस्काने सही केली आणि वर लिहिलं: 'चूक माझी. ती मान्य. क्रुसाने गेट उघडलं नाही, मी उघडलं. क्रूस आत राहील, गेट बंद राहील, आणि बंद ठेवायला मी इथेच राहीन.'

"असं लिहितात का अहवालावर?" संकेत म्हणाला.

"तुम्हाला खोडायचं तर खोडा, सर. मी खोडणार नाही."

त्याने कागदाची घडी घातली. मग म्हणाला, "मी वर बोलतो. एक महिना मिळेल. परत चाचणी घेईन, कधी ते सांगणार नाही. त्यात नापास झालात तर क्रूसही जाईल आणि तुम्हीही."

त्याच संध्याकाळी तिने जेम्सकाकांच्या ओटीवरून किल्ली काढली. काका शहात्तर वर्षांचे, आरामखुर्चीत पुढे सरकले.

"बाय, माझ्या बापाची जागा आहे ती."

"म्हणूनच नेते, काका. तुमच्या खिळ्यावर किल्ली आहे हे पाववाल्यालासुद्धा ठाऊक आहे."

बाकीच्या दोन पाळ्यांच्या यंत्रचालकांनाही तिने बजावलं, ओळखपत्राशिवाय गेट उघडायचं नाही. मे महिन्यापुरती दुपारची पाळी मागून घेतली, म्हणजे जपमाळेच्या वेळी गेटावर आपणच असू. एक मेला गाव आलं आणि बंद गेटाबाहेरच थांबलं. मेणबत्त्या कुंपणाच्या कठड्यावर लागल्या. क्रुसासमोरची मेणबत्ती प्रिस्काने एकटीने आत लावली.

गायनमंडळाची बेला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वा गं प्रिस्का, आमचा क्रूस तुरुंगात टाकलास!"

"तुरुंगात मी आहे, बेला. त्याची मला सोबत होते."

त्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर तिच्याशी कोणी बोललं नाही. जेम्सकाका मात्र दुसऱ्या दिवसापासून खुर्ची घेऊन गेटासमोर बसायला लागले. रागाने की कशाने, त्यांनी सांगितलं नाही. अनोळखी माणूस दिसला की हटकायचे, "कोणाच्या घरचा रे तू?"

एकविसाव्या दिवशी जपमाळ अर्ध्यावर असताना पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस आला. दोन्ही हातांवर परडी, परडीत झेंडूचा भरगच्च हार. "फादरांनी पाठवलाय. क्रुसाला घालायचाय."

जपमाळ थांबली. पन्नास माणसं प्रिस्काकडे वळली.

"ओळखपत्र?" ती गजांआडून म्हणाली.

"हाराला ओळखपत्र मागतेस?" बेला कडाडली. "उघड गेट!"

"उघड, उघड," मागून आवाज आले.

"निदान हातात तरी घे गं," कोणी म्हातारी कळवळून म्हणाली.

परक्याची वस्तू हातातही घ्यायची नाही, हे परिपत्रकात होतं. याच बायकांत प्रिस्का लहानाची मोठी झाली होती, यांच्याच मांडवांत नाचली होती. तिने कुलूप मुठीत धरलं. "मला वाळीत टाका. गेट उघडणार नाही. सगळे मागे व्हा आणि परडी तिकडे रस्त्यापलीकडे ठेवू द्या. फादरांना मी फोन लावते."

जेम्सकाका खुर्चीतून उठले. "कुठल्या फादरांनी पाठवलंय?"

"आपल्या... चर्चच्या."

"नाव सांग की."

माणूस हसला. त्याने खिशातून कंपनीचं कार्ड काढलं आणि हार उचलला. खाली लाल अक्षरांचा तोच खोका होता.

बेला मटकन कठड्यावर बसली. मग तिनेच जपमाळ पुढे सुरू केली, बाहेरूनच.

दुसऱ्या दिवशी संकेत नवा अहवाल घेऊन आला. क्रूस जागेवर, प्रिस्का जागेवर. "आता तरी समाधान?"

"नाही," प्रिस्का म्हणाली. तिने रोजच्या नोंदींच्या लॉगशीटचं शेवटचं पान उलगडलं. तिथे एकच ओळ रोज लिहिलेली होती, एकवीस तारखांना एकवीस वेळा: 'मोठ्या लाईनवर पहारा नाही.' "आपल्याकडे वीज आणणारी मोठी लाईन खाडीवरून, मिठागरांतून अकरा किलोमीटर खांबाखांबाने येते. तिथे ना गेट, ना कुंपण, ना खुर्ची टाकून बसलेले जेम्सकाका. मला चाचणीला बसवलंत, बसले. पण सर, तिथे कोण उभं आहे?"