सोवळ्याचा कप्पा

सन एकोणीसशे ब्याऐंशी, महिना भाद्रपद, पावसाळा सरत आलेला. वर्ष-महिना अशासाठी सांगते, की एवढ्या मोठ्या फजितीची नोंद तरी बिनचूक असावी. चहा घ्या, निवतो आहे.

त्या वर्षी पेणच्या आमच्या घरी फ्रिज आला. पण आला तो अटीवर! रोह्याच्या माझ्या थोरल्या नणंदबाई, वत्सलावन्सं, फ्रिजला ‘शिळ्याचं कपाट’ म्हणत. आमच्या यजमानांनी त्यांना शब्द देऊन ठेवलेला, “ताई, गौरी-गणपतीला येशील तेव्हा पाहा. तुला नाही पटला, तर देऊन टाकू.” म्हणजे माझ्या फ्रिजचा निकाल चौथी शिकलेल्या वन्संच्या हाती! आणि मी जुनी मॅट्रिक. मला स्वस्थता कशी लाभावी?

मी कंबर कसली. खाली भाजी, मध्ये दूध-दही, आणि सर्वांत वर खास सोवळ्याचा कप्पा. त्यात पंचामृत, मोदकांचे सारण, गौरींचे पुरण. प्रत्येक भांड्याला सुवाच्य अक्षरात चिठ्ठी. वरच्या कप्प्याला तर लाल शाईने: ‘सोवळे. स्पर्श करू नये.’

गौरी यायच्या त्या सकाळी मागल्या दारी जनाबाई उभी. खाडीकडच्या मिठागरातली, आमचे वर्षाचे मीठ तीच आणून देई. हातात ओल्या फडक्याने तोंड बांधलेले पातेले.

“काकू, गौरीचा निवेद हाय. उद्यापरत तुमच्या फ्रिजात ऱ्हाईल काय? पन तुमाला चालंल ना?”

“न चालायला काय झाले? मी असले भेद मानत नाही!”

“तसा नाय गो काकू, यात...”

“सांगू नकोस! नैवेद्य आधी उघडायचा नसतो. हुंगायचा तर मुळीच नसतो.”

जनाबाई घुटमळली. “पेनात सगल्यांना ठाव हाय म्हना,” असे पुटपुटत गेली. मी ते पातेले पंचामृत आणि पुरण यांच्या मधोमध ठेवले आणि, आता काय लपवू तुमच्यापासून, त्याला हातही जोडले!

दुपारी वन्सं एस.टी.तून उतरल्या आणि नेमकी वीज गेली. दोन तास झाले तरी पत्ता नाही. आम्ही दोघी स्वयंपाकघरात सुपारी कातरत बसलेल्या. तोच फ्रिजमधून खर्र... खर्र...

“कुसुम, कसला गं आवाज?”

“यंत्राचा, वन्सं. नवीन आहे ना, कुरकुरते.”

“वीज गेलीय ना?”

मोडला वाटते फ्रिज! आणि मोडायचा तोही वन्संसमोर? मी भर दुपारी मोठ्याने आरती म्हणू लागले. खर्र थांबेना. इतक्यात आत एक वाटी कलंडली.

“आत कुणीतरी आहे,” वन्सं उठल्या.

“उघडू नका वन्सं, गारवा जातो!”

त्यांनी उघडला.

पंचामृताच्या भांड्यावर तळहाताएवढी चिंबोरी, खाडीतली खेकडीण, ठाण मांडून बसली होती. जिवंत! आणि तिच्या नांगीत, लाल शाईतली माझी चिठ्ठी: ‘सोवळे. स्पर्श करू नये.’ तिच्या पाच-सहा बहिणी फडक्याखालून निघण्याच्या बेतात होत्या.

वन्सं पाटावर चढल्या. वीज गेली म्हणून पातेले पाहायला आलेली जनाबाई माझी हाक ऐकून मागल्या दाराने धावत आली.

“अगो बाय, निवेद सुटला! आमची गौर चिंबोऱ्या खाते, काकू. सकाली सांगत व्हती, तर तुमी तोंड उघडू द्याल तर ना!” तिने ती नुसत्या हाताने उचलली, पातेल्यात टाकली आणि हसत हसत गेली.

पुरण गेले, सारण गेले. मी फ्रिज तीनदा घासला. पण वन्सं? दोन दिवस फ्रिजला वळसा घालून जात होत्या. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते. मी मनातल्या मनात फ्रिजचा निरोपही घेऊन टाकला.

गौरी-विसर्जनाच्या दिवशी परतीची पिशवी भरून वन्संनी निकाल दिला.

“फ्रिज राहू दे.”

“वन्सं?”

“सकाळी ठेवलेला जीव दुपारी तुरुतुरु चालत बाहेर आला. ह्यात शिळं होत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं. दोष कपाटाचा नाही.”

मग त्यांनी माझीच लाल शाई मागून घेतली आणि जाड, ठसठशीत अक्षरात एक चिठ्ठी लिहून फ्रिजच्या दारावर चिकटवली:

‘मॅट्रिक झालेल्यांनी झाकण उघडून पाहावे.’