काकाजींचा शेठ

“आवाजाले काय ऐकता भाऊ, तुरा पाहा.” असं म्हणून काकाजी उजव्या हाताचं एक बोट स्वतःच्या टकलावर उभं करत. बोट ताठ म्हणजे शेठ घाबरलाय. बोट जरा मागे झुकलं म्हणजे स्वारी मजेत आहे. आणि बोट टकलाला सपाट चिकटलं, की पिंजऱ्यापासून हात दूर.

शेठ म्हणजे त्यांचा कॉकाटिल, पोपटाच्या जातीचं परदेशी पाखरू. राखाडी अंग, पिवळा तुरा, गालांवर नारिंगी टिक्के, जणू एखाद्या वरातीतून चुकून आमच्या गल्लीत उतरलेला. काकाजी आमच्या समोरच राहत. गेल्या दिवाळीनंतर काकूंना आणि शेठला घेऊन ते उमरेडला भावाकडे कायमचे गेले, आणि तेव्हापासून आमच्या गल्लीत सांगण्यासारखं काही घडलेलंच नाही. म्हणून हे सांगतो. बसा.

आता एक गोष्ट तुमच्यामाझ्यात. काकाजींची सारी नोकरी बुटीबोरीला, सूतगिरणीच्या गडगडाटात गेली. बारीक आवाज त्यांना ऐकूच येत नसत. शेठची शिट्टी तर मुळीच नाही. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. गल्लीला ठाऊक आहे, एवढंच काकाजींना ठाऊक नव्हतं. तुऱ्याचं ते शास्त्र जन्मलं होतं ते यातूनच.

आणि लाड तरी किती! बाजरी अन् राळे पाखडून. चोच घासायला समुद्रफेस. इस्त्रीच्या फवाऱ्यानं आंघोळ. पिंजरा कूलरच्या खोलीत, पण झोताच्या बाहेर. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या धुरानं असं पाखरू मरतं, हे कळलं त्याच संध्याकाळी काकूंचा कोरा तवा आमच्या घरी आला. मागून दारातून काकू म्हणाल्या, “आता मले बी देऊन टाका कोणाले.”

पंख कापायला मात्र काकाजी तयार नव्हते. “तसं असन तं मंग कोंबडीच पाळतो ना गा,” म्हणत.

तर मे महिन्यातली दुपार. काकूंनी कूलरमध्ये पाणी भरायला खिडकी उघडली, आणि खोलीत मोकळा फिरणारा शेठ भुर्रकन बाहेर. घरात वाढलेलं पाखरू ते. वर नागपूरचं ऊन, त्याच्याही वर घारी. काकाजी अनवाणी तापलेल्या गच्चीवर धावले, आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे.

शेठ ओरडत होता. अगदी स्पष्ट, कुकरच्या शिट्टीसारखा. काकूंच्या कुकरची शिट्टी झाली की त्याला गरम शितं मिळत, म्हणून तेवढी एकच विद्या त्यानं उचलली होती. आवाज डावीकडच्या कडुनिंबातून येत होता. काकाजींनी ठामपणे उजवीकडे बोट केलं. “ऐकून राहिलो मी. टाकीमागं आहे.”

गच्चीवर कोणी कोणाकडे बघेना. शेवटी मी त्यांचे खांदे धरून त्यांना वळवलं. म्हणालो, “वारा उलटा आहे ना काकाजी, आवाज फिरते.”

“तेच म्हणतो मी,” काकाजी म्हणाले.

मग कोणीतरी सुचवलं, कुकर लावा, शेठ येईल. आणि आमच्या गल्लीनं तेच केलं जे फक्त आमचीच गल्ली करू शकते. घराघरात कुकर चढले! जेवणं उरकलेली, तरी डाळ, तांदूळ, बटाटे, जे हाताला लागेल ते. डावीकडून शिट्टी, उजवीकडून शिट्टी. शेठ निंबावरून तारेवर, तारेवरून टाकीवर, टाकीवरून भलत्याच बाल्कनीवर, तिथून पुन्हा टाकीवर. दोन घारी खाली उतरू लागल्या.

काकाजींना यातलं काही ऐकू येत नव्हतं, पण तुरा दिसत होता, खिळ्यासारखा ताठ. “काहून भ्याला हा? काय करून राहिले तुम्ही?”

मी सांगितलं. त्यांनी कठड्यावरून गिरणीतला आवाज काढला. “गॅस बंद करा वं सगळ्या. फक्त आमचा राहू द्या.”

गॅस बंद झाले. पाठोपाठ कूलरही बंद झाले. मे महिन्यात, नागपुरात, लोकांनी आपणहून कूलर बंद केले हो! याहून मोठा त्याग मी पाहिलेला नाही. गल्ली इतकी गप्प झाली की मला माझाच श्वास ऐकू यायला लागला.

काकूंच्या कुकरची शिट्टी झाली. एकच. टाकीवरून एक राखाडी रेघ सरळ खाली आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत शिरली.

काकाजी अजून आभाळाकडेच बघत होते, दोन्ही हात वर करून. काकू जिना चढून आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. खांद्यावर शेठ, चोच वासून धापा टाकणारा.

काकाजींनी त्याला ओंजळीत घेतलं आणि कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग आमच्याकडे वळून म्हणाले, “ऐकलं?”

शेठनं हूं की चूं केलं नव्हतं.

“ऐकलं ना काकाजी,” गच्ची एकसाथ म्हणाली. पण सगळ्यांच्या आधी काकू म्हणाल्या होत्या.