नुसती एएनएम

मी इंग्लंडला निघालो तेव्हा नागपूरच्या विमानतळावर ताई मला निरोप द्यायला आली ती खेड्यातलं लसीकरण आटोपून, गणवेशातच. हातात लसींचा निळा डबा. तो वेळेत आरोग्य केंद्रात परत न्यायचा होता, म्हणून ती दहाच मिनिटं थांबली. बाबा माझ्या कानाशी लागले. "लोकाले नर्स म्हणून सांगू नको गा. दवाखान्यात साहेब आहो म्हणजो."

"साहेब बेडपॅन उचलते का, बाबा?" ताई म्हणाली. तिघंही हसलो. पुढे कित्येक वर्षं मी लोकांना साहेबच सांगितलं.

कोराडीच्या आमच्या दोन खोल्यांत दोन नर्स होत्या, ताई आणि मी. आई लवकर गेली. ताईनं नर्सिंगमधलं पहिल्या पायरीचं, दोन वर्षांचं एएनएम केलं: गरोदर बाया, बाळंतपणं, लसी, उन्हातान्हात पायपीट. तिला पुढे तीन वर्षांचं जीएनएम करायचं होतं. पण बाबांच्या वीज केंद्रातल्या कोळशाच्या पाळ्या, घरचा स्वयंपाक आणि मी. तिनं जीएनएमचा अर्ज आणला आणि त्यावर माझं नाव लिहिलं. मी जीएनएम झालो, मग आणखी दोन वर्षं शिकून पदवी घेतली, आयसीयूत बारा वर्षं काढली.

इंग्लंडमध्ये ते सगळं पुन्हा सिद्ध करावं लागलं. इथली परीक्षा पास होईपर्यंत मदतनिसाचा गणवेश. पहिल्याच आठवड्यात माझ्याहून दहा वर्षांनी लहान नर्सनं मला औषधांच्या ट्रॉलीपासून दूर व्हायला सांगितलं. बाथरूममध्ये जाऊन रडलो. पायरी दाखवली की माणसाला कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं. कळूनही मी काय केलं, ते लिहायलाच आज बसलोय.

दोन वर्षांपूर्वी ताईचा फोन आला. "बाबा निजले का गुदमरून राहिले. पाय सुजले, बोटानं दाबलं का खड्डा पडते. मले हार्टचं वाटते."

"अख्खी जिंदगी कोळशाची धूळ खाल्ली त्यांनी, दम्याचंच आहे. पंप वाढव," मी म्हणालो. ती ऐकेना, तेव्हा बोललो, "ताई, तू नुसती एएनएम आहेस. मले नको शिकवू."

माझ्या शब्दावर तिनं चार दिवस पंप दिला. पाचव्या दिवशी बाबांना अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावं लागलं. हृदयच होतं. बाबा वाचले, पण आता त्यांना आंघोळीलाही आधार लागतो. तो आधार ताई देते, ड्युटी करून.

आता तिला बढतीच्या प्रशिक्षणाचं पत्र आलंय. सहा महिने वसतिगृहात राहायचं, मग आरोग्य सहायिका. एएनएमच्या कामावर देखरेख करणारी. हुडकेश्वरचे काका तिला म्हणाले, "या वयात काहून शिकून राहिली वं? बापाले कोण पाहीन?" ती नकार कळवणार होती.

मी काकांना फोन केला. "मी पाहीन."

"इंग्लंडची नोकरी टाकून बापाले आंघोळ घालाले येतं?"

"हो काका. इथंही मी तेच करतो. नर्स आहो मी."

रजा मिळाली तर ठीक, नाहीतर राजीनामा. तिकीट काढलंय. मागे राहिलेल्यांनो, 'नुसती' हा शब्द माझ्या बहिणीसाठी आता कोणी वापरून दाखवावा. आणि माझ्यासारखे निघून आलेल्यांनो, तुम्ही घरी कोणाला तो वापरलाय, ते आठवा. माफी अजून मागता येते. मी मागितली. ती म्हणाली, "जेवला का?"

वॉर्डात पाळी बदलताना जाणारी नर्स येणाऱ्या नर्सला पेशंटपाशी उभं राहून सगळं सांगते. त्याला आम्ही ओव्हर म्हणतो. कोराडीच्या त्या खाटेपाशी मी वही घेऊन उभा राहीन. घर म्हणजे मला आता तेवढीच जागा. ताईनं काल फोनवरच सुरुवात केली: "लिही. सकाळी उठल्याबरोबर पाय दाबून पाहजो. बोटानं."

मी लिहून घेतलं.