पंपवाले गायकवाड सर

गेलेल्या माणसाचे किती किस्से आपल्याजवळ साठलेत, हे आधी ठाऊकच नसतं. चार जण चहाला बसले की एकेक निघत जातो. गायकवाड सरांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि आम्ही लातूरच्या लॅबमधले त्यांचे विद्यार्थी अंगणात बसलो, तेव्हा तसंच झालं.

आमचं काम म्हणजे संशोधनाच्या अणुभट्टीत थंड पाणी फिरवणारे पंप कॉम्प्युटरवर उभे करायचे. पंप बंद पडला तर भट्टीचं काय होईल, ते आधी तिथं बघायचं. खरी भट्टी आमच्यातल्या कुणीच पाहिली नव्हती. सरांनीसुद्धा!

*

सर मूळचे इस्लापूरकडचे. सुट्टीत गावी गेले की लोक त्यांना विहिरीवरची मोटार दाखवायला न्यायचे. सर निमूट जायचे, वाकून बघायचे आणि म्हणायचे, "माझा पंप जळला तर मी पुन्हा पहिल्यापासून चालू करतो. ह्याला मिस्त्रीच बोलवा."

*

नांदेडच्या संगीताच्या पहिल्याच सिम्युलेशनमध्ये पाण्याचं तापमान शून्याच्या खाली गेलं. भट्टीत बर्फ! ती रडकुंडीला आली. सरांनी स्क्रीन बघितली.

"लई भारी. लातूरच्या उन्हाळ्यासाठी ठेवून दे."

*

मग सरांच्या किडन्या गेल्या. पहिल्या डायलिसिसला संगीता सोबत होती. रक्त नळीतून मशीनमध्ये जायचं, साफ होऊन परत यायचं. सर टेक्निशियनला फ्लो किती, प्रेशर किती, विचारत राहिले. शेवटी तो म्हणाला, सर, जरा पेशंटसारखं पडा की.

सर पडले. थोड्या वेळानं संगीताला म्हणाले, "इतकी वर्षं पाणी फिरायचं लूप बाहेरून बघितलं. आता आतून बघून राहिलो."

एवढं सांगून संगीता उठून आत गेली.

*

सर बरे होईपर्यंत संगीताला तिचा पीएचडीचा व्हायवा पुढं ढकलायचा होता. सरांनी फोनवर झापलं. ढकलू नको, मी येणार हाय, म्हणाले. व्हायवाच्या दिवशी ते आयसीयूत होते. त्यांच्या खुर्चीवर कुणीच बसलं नाही.

*

त्याच्या थोडं आधीची गोष्ट. सरांची आई गावाहून एसटीनं एकटीच आली, लेकाला किडनी द्यायला. डॉक्टरांनी समजावलं, आजी, तुमचं वय झालंय, तुमची किडनी त्यांना चालणार न्हाई. मी शेजारीच उभा होतो.

आजींनी पदर सारखा केला.

"मग आधी कॉम्प्युटरवर बसवून बघा की, साहेब. माझं लेकरू तसंच करतंय."