उतर गं पोरी, गाव तुझं

वारज्याच्या खालच्या अंगाला, मुठेच्या काठी आमची वाडी होती. तिथे आता उंचच उंच इमारती उभ्या आहेत आणि त्यांचं नाव आहे ‘रिव्हर पोर्ट’. बंदर! ज्या पाण्यात म्हैससुद्धा नाक मुरडून उतरेल, तिथे बंदर. दारात सिमेंटचा एक नांगरही ठेवलाय, जहाजाचा, माणसाएवढा. हसावं की रडावं ते कळत नाही, म्हणून मी आपली चिडते. ते मला जमतं.

बंदर म्हणायचंच तर एकेकाळी होतं ते, एका नावेचं. पूल झाला नव्हता तोवर भाजी, दूध, शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं, सगळं डोह ओलांडूनच यायचं. नाव होती कासिमभाईंची. त्यांना मुलगा नव्हता, म्हणून हात थकले तेव्हा त्यांनी वल्हं लेकीकडे दिलं. ती शकीला. गुडघ्यापर्यंत साडी खोचून नाव हाकायची आणि तोंड असं, की गांधीलमाशी परवडली. नावेत कुणी चुळबुळ केली की म्हणायची, “लई घाई आसंल तर चालत जा की. वाट वलीच हाय फकस्त.”

वाडीत एक रीत होती. नवी सून नावेतून उतरायची ती नावाडणीचा हात धरूनच. नवऱ्याचा नाही, सासूचा नाही. शकीला पाण्यात उभी राहून हात पुढे करायची आणि म्हणायची, “उतर गं पोरी, गाव तुझं.” मग सासू तिला खण द्यायची. ते शब्द ऐकल्याशिवाय पाऊल टाकलं तर सून वाडीत रुजत नाही, असं सगळे मानत. मीही तशीच उतरले. माहेर सुटलं होतं आणि तिचा तो ओला, खरखरीत हात काही सुटत नव्हता. या गावात मला आपलं म्हणणारी ती पहिली बाई.

पूल झाला, नाव थांबली. घाटावरचं शकीलाचं घर वाडीचे जमीनमालक आप्पासाहेब यांच्या जागेत होतं. “तू इथलीच, कुठं जाणार?” असं ते म्हणायचे. आप्पासाहेब गेले आणि त्यांच्या मुलाच्या, साईनाथच्या हाती सगळं आलं. इमारतींसाठी त्यानं घाट सपाट केला. शकीला कोंढव्यात लेकाकडे गेली. जाताना साईनाथनं तिची पालथी पडलेली नाव मागितली, दारात शोभेला ठेवायला. तिनं देऊन टाकली. म्हणाली, “ऱ्हाऊ दे हितंच. तिला तरी नदी दिसंल.”

पण म्हातारीला कोंढव्यात करमेना. नदी दिसत नाही म्हणून जेवण जाईना. तिची नात अफशीन वारज्यात नोकरी करते, चांगली शिकलेली मुलगी. तिनं ठरवलं, रिव्हर पोर्टमध्येच छोटासा फ्लॅट भाड्यानं घ्यायचा आणि दादीला घेऊन राहायचं. फोनवर सगळं ठरलं. मग तिनं आपलं नाव सांगितलं, आणि फ्लॅट ‘नुकताच गेला’. दुसरा पाहिला, तोही नुकताच गेला. शेवटी ती साईनाथकडे गेली. मी सोबत होते.

“अहो, माझं काहीच नाही,” साईनाथ म्हणाला. “सोसायटीतल्या लोकांना चालत नाही. समजून घ्या ना.”

“दारात शकीलाची नाव चालली की रे त्यांना,” मी म्हटलं. “ती काय कुंडली दाखवून आत आली?”

त्यानं चहा मागवला. मी प्याले नाही. असा संताप आला होता, की कप त्याच्याच डोक्यात घातला असता.

महिन्याभरात साईनाथच्या मुलाचं लग्न झालं. नवी सून शेफाली. गृहप्रवेशाची जोरदार तयारी केलेली: दारातल्या नावेत सून बसणार, जुन्या रीतीनं उतरणार, फोटो निघणार. वर मोठा फलक, ‘उतरा, गाव तुमचं!’ शकीलाचंच वाक्य, तिलाच न विचारता. आणि शकीलाला आणायला कोंढव्याला गाडी पाठवलेली.

ती आली. धुतलेली हिरवी साडी, हातात काठी. आधी नावेच्या कडेवरून हात फिरवला, मग नदीकडे बघितलं. नावेत बसलेली शेफाली उठून उभी राहिली, हात पुढे केला. कॅमेरे सरसावले. शकीलानं तिचा हात घट्ट धरला.

साईनाथची आई, आनंदीबाई, खण घेऊन शेजारीच होत्या. “म्हण की गं,” त्या हळूच म्हणाल्या.

“काय म्हणू, आनंदे?”

“गाव तुझं, म्हण.”

“माझं आसतं तर दिलं आसतं,” शकीला म्हणाली. “तुज्या ल्योकानं मला हितं एक खोली दिली न्हाय. जे माझंच न्हाय, ते हिला कुठलं देऊ?”

आनंदीबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी लेकाकडे बघितलं. “खरं हाय का रं?”

साईनाथ म्हणाला, “आई, नंतर बोलू. लोक बघतायत.”

“बघू देत. तुझी आई हिचाच हात धरून उतरली व्हती. बोल.”

त्यानं सनईवाल्यांना खूण केली, सनई सुरू झाली. कुणीतरी दुसऱ्या बाजूनं स्टूल लावलं. शेफालीनं एकवार स्टुलाकडे पाहिलं, एकवार म्हातारीच्या हाताकडे. मग पैठणी सावरून ती नावेत खाली बसली. “या शकीलाआजी म्हणतील तेव्हा उतरेन,” म्हणाली. शकीलानं तिचा हात सोडला नाही.

साईनाथनं पाहुण्यांना जेवायला चला म्हणून सांगितलं. आणि पाहुणे नावेकडे पाठ करून जेवायला गेले.